लेकराबद्दल बोलताय की ऑलिम्पिकबद्दल?

प्रश्न कोल्हापूरच्या एका ताईंचा आहे. शाळेपासूनच्या सहा मैत्रिणी, आता पन्नाशीच्या आसपास. त्यांतल्या एकीच्या सतरा वर्षांच्या भाचीने घरी सांगितलं, ‘मी मुलगी नाही, मुलगा आहे.’ मावशीने मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप गटात मन मोकळं केलं आणि भांडण पेटलं. एक म्हणते, हे मोबाईलवरून उचललेलं फॅड आहे. दुसरी न्यू जर्सीत असते. ती म्हणते, शंका काढणं हीच हिंसा आहे. ताईंचं स्वतःचं मत असं की मोठ्या माणसाने कसं जगावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण बायकांचे खेळ आणि अल्पवयीन मुलांना दिली जाणारी औषधं याबद्दल त्यांना शंका आहेत. तसं बोलल्यावर एकीने त्यांना ‘वाहवत गेलेली’ ठरवलं, दुसरीने ‘ट्रान्सद्वेष्टी’. तेव्हापासून गटात शांतता आहे. मतं न लपवता मैत्री कशी टिकवायची, असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि ती तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. त्या लेकराने मागितलं काय? केस बारीक कापायचे आहेत, मावसबहिणीच्या लग्नात घागरा घालायचा नाही, आणि घरच्यांनी दुसऱ्या एका नावाने हाक मारावी. बास. आणि मैत्रिणींनी आठवडाभर वाद घातला तो ऑलिम्पिकवर, हार्मोनच्या इंजेक्शनांवर आणि अमेरिकेतल्या शाळांच्या स्वच्छतागृहांवर. यातलं काहीही त्या घरात कुणी मागितलेलं नाही. (मी ‘लेकरू’ म्हणते. माझी त्याची भेट नाही, तेव्हा त्याच्या वतीने तो की ती हे मी ठरवायचं कारण नाही.)

या विषयावरून तुटलेली घरं आणि तुटलेल्या मैत्र्या समुपदेशनाच्या खोलीत मी बरीच वर्षं पाहते आहे. जवळजवळ प्रत्येक भांडणात चार-पाच वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. माणूस स्वतःला काय समजतो, हा एक. घराने त्याच्याशी कसं वागायचं, हा दुसरा. कायद्याने काय द्यायचं, हा तिसरा. डॉक्टरांनी कोणत्या वयात काय करायचं, हा चौथा. खेळाच्या स्पर्धेत कुणाला कुठे उभं करायचं, हा पाचवा. या पाचांची उत्तरं एकमेकांना बांधलेली नाहीत. भाच्याला हवं ते नाव द्यायला तयार असलेली मावशी धावण्याच्या शर्यतीबद्दल कडक मत ठेवू शकते, त्यात विसंगती काहीच नाही. पण वादात होतं असं, की तुम्ही पाचव्या प्रश्नावर शंका काढता आणि न्यू जर्सीच्या मैत्रिणीला ती पहिल्या प्रश्नावर ऐकू येते. तुम्ही दुसऱ्या प्रश्नावर ‘हो’ म्हणता आणि ‘फॅड’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला वाटतं, तुम्ही पाचही सोडून दिलेत.

म्हणून बोलणं पुन्हा सुरू कराल तेव्हा पहिलं वाक्य हे असू द्या: ‘अगं, आपण आत्ता नेमकं कशाबद्दल बोलतोय? त्या लेकराबद्दल की ऑलिम्पिकबद्दल?’ आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. या एका वाक्याने निम्मं भांडण खाली बसतं, असा माझा अनुभव आहे.

त्याच्याही आधी एक काम आहे, आणि त्याला उशीर नको. ज्या मावशीने गटात हे सांगितलं तिला एकटीला फोन करा आणि विचारा, ‘गटात सांगायला त्याने हो म्हटलं होतं का?’ बहुतेक नसेलच म्हटलं. मावशीच्या मनात वाईट काही नसणार, ती घाबरली होती आणि मैत्रिणींशिवाय सांगणार कुणाला? पण सतरा वर्षांच्या मुलाची ही गोष्ट आज सहा फोनांत आहे. त्यांतल्या एकीचा नवरा, एकीची जाऊ, एकीचा त्याच कॉलेजात शिकणारा मुलगा... कोल्हापूर काही एवढं मोठं गाव नाही. गावात चर्चा होईल या भीतीने घरचे लोक अशा वेळी कडक वागतात, शिक्षण थांबवतात, लग्नाची घाई करतात. तेव्हा वादाचा निकाल काहीही लागो, गटातले ते मेसेज प्रत्येकीने काढून टाकावेत आणि हा विषय गटात पुन्हा काढू नये, एवढं सगळ्याजणींकडून कबूल करून घ्या. आपलं मत बरोबर असणं यापुढे दुय्यम आहे.

आता एकेका मैत्रिणीशी वेगळं बोला, गटात नको. गटात प्रत्येकजण उरलेल्या पाचांसाठी बोलत असते, हरल्यासारखं दिसू नये म्हणून. फोनवर, किंवा त्याहून चांगलं म्हणजे रंकाळ्यावर फिरताना, तीच बाई वेगळं बोलते.

‘फॅड’ म्हणणाऱ्या मैत्रिणीपासून सुरुवात करते. तिला आकडे आणि व्याख्या पाठवू नका. तिच्या स्वतःच्या आठवणीतून बोला. कोल्हापुरात वाढलेल्या बाईने सौंदत्तीच्या यात्रेला निघालेले जोगते पाहिलेले असतातच. डोक्यावर यल्लम्माचा जग म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, अंगावर लुगडं, कपाळभर भंडारा. पुरुष म्हणून जन्मून बाईच्या रूपात जगणारी ही माणसं मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांच्यातल्याच मंजम्मा जोगती यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांच्या नोंदवह्या ठेवण्याची आणि बायकी कपड्यांत रस्त्यावर नाचल्यास शिक्षा करण्याची तरतूद केली होती. म्हणजे तेव्हाही सरकारदरबारी दखल घ्यावी इतकी ही माणसं होती. 2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ अशी नोंद झालेले महाराष्ट्रात 40,891 लोक होते.

पण इथे थांबू नका, कारण मैत्रिणीच्या म्हणण्यात एक खरं निरीक्षण आहे आणि ते मान्य करायला हवं. जोगते, किन्नर, हिजडा समाज ही सगळी परंपरा मुख्यतः मुलगा म्हणून जन्मलेल्यांची आहे. मुलगी म्हणून जन्मून ‘मी मुलगा आहे’ म्हणणाऱ्याला आपल्याकडे ना जग होता, ना गुरू-चेल्यांचं घराणं, ना काही नाव. अशा मुली सोळाव्या-अठराव्या वर्षी लग्न होऊन जायच्या आणि त्यांच्या मनातलं मनातच राहायचं. म्हणून तिला हे आजवर कधीच न पाहिलेलं वाटतं, आणि तिच्या पाहण्यात ते नव्हतंही. ‘तू पाहिलं नाहीस, कारण त्यांना दिसायला जागाच नव्हती,’ हे तिला पटू शकतं. ‘तू अडाणी आहेस’ हे कुणालाच पटत नाही.

आणि मोबाईलचं काय? किशोरवयीन मुलं एकमेकांचं पाहून शब्द उचलतात, हे खरं आहे. काही मुलं काही वर्षांनी वेगळं बोलतात, हेही माझ्या पाहण्यात आहे. पण त्यातून निघतं इतकंच, की घाईने कायमचं काही करू नये. केस परत वाढतात, नाव परत बदलता येतं. वाट पाहणं आणि हिणवणं या दोन गोष्टी मैत्रिणीच्या मनात एक झाल्या आहेत. वाट जरूर पाहावी, पण मायेने.

तिच्या बोलण्याच्या तळाशी भीती असेल तर तीही नीट ऐका. काही बायकांना सिग्नलवर, दुकानाच्या दारात, बाळाच्या बारशाला पैशांसाठी झालेली दमदाटी आठवते. काहींना गर्दीत पुरुषांनी दिलेला त्रास आठवतो आणि ‘लेडीज डब्यात उद्या कुणीही येईल’ अशी धास्ती वाटते. ही धास्ती खोटी नाही, ती जगलेल्या अनुभवातून आलेली असते. ती ऐकून घेतल्यावर मग विचारता येतं, ‘तुला त्रास दिला त्यात या लेकराचा काय दोष?’ क्रम उलटा केला तर दार बंद.

न्यू जर्सीच्या मैत्रिणीशी बोलताना वेगळी तयारी लागेल. ती चिडते कारण ती जिथे राहते तिथे हा विषय रोजच्या राजकारणाचा झाला आहे. अमेरिकेत अनेक राज्यांनी अल्पवयीनांच्या लिंगबदलाच्या उपचारांवर बंदी घातली आणि टेनेसी राज्याची बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये कायम ठेवली. तिच्या शेजारात, मुलांच्या शाळेत कदाचित असं एखादं कुटुंब असेल. त्यामुळे तुमची साधी शंका तिला कायदेमंडळातल्या भाषणासारखी ऐकू येते. तिला आधी सांगा की तुमचं कुठे जुळतं: ‘या पोराला घरातून त्रास होऊ नये, यात तुझ्या-माझ्यात फरक नाही.’ हे तोंडाने म्हणायला हवं. मैत्रिणीला ते माहीतच असेल असं आपण धरून चालतो, आणि तिथेच गाडी अडते.

मग तुमची शंका मांडा, पण नेमकी. औषधांबद्दल बोलायचं तर इंग्लंडमधल्या कॅस अहवालाबद्दल बोला. मुलांच्या लिंगभावविषयक उपचारसेवेची तपासणी करणारा हा अहवाल एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. पौगंडावस्था थांबवणाऱ्या औषधांच्या फायद्याचा पुरावा कमकुवत आहे असं त्यात म्हटलं आहे, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने ती औषधं सरसकट देणं त्याच सुमारास बंद केलं. मैत्रीण उत्तर देईल की अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना अशा उपचारांच्या बाजूने आहे. तीही खरं बोलतेय. डॉक्टरांमध्येच जिथे मतभेद आहेत तिथे शंका असणं हा द्वेष नव्हे, हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता. पण त्याच अहवालात या मुलांकडे आरोग्यव्यवस्थेचं दुर्लक्ष झालं, त्यांना वेळेवर आणि सर्वांगीण मदत मिळायला हवी, असंही आहे. अहवालाचा पहिला भाग सांगून दुसरा गाळणं बरोबर नाही. शंका घ्यायची तर पूर्ण कागद वाचून घ्या.

खेळाबद्दल तुमची शंका अनेक क्रीडासंघटनांनी नियमात उतरवलेली आहे. पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या ट्रान्स स्त्रियांना, म्हणजे मुलगा म्हणून जन्मून स्त्री म्हणून जगणाऱ्यांना, महिलांच्या गटात खेळता येणार नाही, असं जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने मार्च 2023 मध्ये आणि आयसीसीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ठरवलं. कुणाला हे योग्य वाटतं, कुणाला अन्यायाचं. यावर मैत्रिणींनी मनसोक्त वाद घालावा. फक्त दोन गोष्टींचं भान ठेवा. एक तर शांती सौंदरराजन आणि द्युती चंद या धावपटूंना या वादात ओढू नका. त्या ट्रान्स नव्हत्या. मुलगी म्हणून जन्मल्या, मुलगी म्हणून वाढल्या आणि शरीरातल्या नैसर्गिक फरकामुळे अडवल्या गेल्या. शांतीचं 2006 च्या दोहा एशियाडमधलं रौप्यपदक काढून घेतलं, द्युतीला 2014 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. द्युती लढली आणि 2015 मध्ये क्रीडा लवादाने, अंगात पुरुषी हार्मोन जास्त असलेल्या बायकांना अडवणारा तो नियम स्थगित केला. ट्रान्स असणं, शरीरात जन्मजात वेगळेपण असणं आणि समलैंगिक असणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गप्पांत त्या सर्रास मिसळल्या जातात आणि मग कोण कशाला विरोध करतंय हेच कळेनासं होतं. दुसरं म्हणजे, या लेकराला विश्वविक्रम करायचा नाहीये. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा नियम लग्नातल्या घागऱ्याला लागू होत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक आठवा. अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीसाठी महिला गटातून अर्ज भरला आणि निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये त्यांना महिला म्हणून लढायला परवानगी दिली आणि त्या निवडून आल्या. बायकांसाठी राखलेली जागा कुणाची, हा प्रश्न इथे अगदी थेट आहे. एखादी मैत्रीण म्हणेल, न्यायालयाने चूक केली, ती जागा बाईचीच. म्हणू द्या, हा वाद रास्त आहे. पण तो गावातल्या खऱ्या माणसांबद्दल आहे, मतदारांनी ओळखून मत दिलेल्या उमेदवाराबद्दल आहे. परदेशी व्हिडिओवर भांडण्यापेक्षा अशा उदाहरणावर बोललं की सगळ्यांचे पाय जमिनीवर राहतात.

कायद्याबद्दल विधान करण्याआधी तो तपासून घ्या, तो बदलत असतो. पाया म्हणून एवढं माहीत असावं: सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 2019 मध्ये झालेल्या कायद्यात, केवळ ट्रान्सजेंडर आहे म्हणून मुलाला आईवडिलांपासून तोडता येणार नाही अशी तरतूद आली आणि अशा व्यक्तीला घरातून किंवा गावातून हाकलणं गुन्हा ठरलं. मावशीला हे सांगून ठेवा.

आता थोडं तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘माझं मत मधलं आहे.’ मधलं असणं हा गुण नाही, ताई, आणि दोषही नाही. खेळ आणि औषधं या प्रश्नांवर विचार करून तुम्ही मध्यावर आला असाल तर तिथे खुशाल उभ्या राहा. पण काही प्रश्नांना मध्य नसतो. उद्या कुणी म्हणालं, ‘लग्न लावून द्या, सरळ होईल,’ किंवा ‘अमुक बाबांकडे न्या,’ किंवा ‘दोन थोबाडीत दिल्या की उतरेल,’ तर तिथे मत-मतांतर संपतं. तो मुलावर होणारा अत्याचार आहे आणि तिथे तुम्ही ‘हे होता कामा नये’ असंच म्हणायला हवं, मैत्रीण दुखावली तरी. डॉक्टरांकडे नेऊन ‘बरं करा’ म्हणणाऱ्यांनाही सांगा की जागतिक आरोग्य संघटनेने लिंगभावाच्या विसंगतीला मानसिक आजारांच्या यादीतून काढलं आहे, आणि अशा ‘दुरुस्ती’च्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

शंका असणं आणि शिकायला तयार असणं एकत्र नांदू शकतं. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर 2021 मध्ये दोन तरुणींचं प्रकरण आलं. घरच्यांपासून संरक्षण मागणारं ते समलैंगिक जोडपं होतं. आपल्याला हा विषय पुरता समजलेला नाही, असं न्यायमूर्तींनी आदेशातच लिहिलं, मानसतज्ज्ञाकडे जाऊन स्वतः समजून घेतलं आणि त्यानंतर जूनमध्ये सविस्तर आदेश दिला. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती जाहीरपणे असं करू शकतो, तर सहा मैत्रिणींपैकी कुणालाही ‘मला अजून कळत नाहीये’ म्हणायला लाज वाटू नये. मैत्रिणींत सगळ्यात आधी हे वाक्य तुम्ही बोललात तर दुसऱ्यांना वाट मिळेल.

नावाचा प्रश्न उरतो, आणि मैत्रिणी त्यावरच सगळ्यात जास्त अडतील. माझं मत स्पष्ट आहे: ते लेकरू समोर असेल तेव्हा त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारावी, तुमचं तात्त्विक मत काहीही असो. हाक मारणं म्हणजे कुठल्या सिद्धान्तावर सही करणं नाही. लग्नानंतर बदललेलं नाव आपण मनात न पटताही वापरतोच की. क्रियापदांची अडचण मात्र खरी आहे, मराठीत ‘आलास’ की ‘आलीस’ ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. जीभ वळायला वेळ लागतो. चुकलं की सुधारायचं आणि पुढे बोलायचं, मोठी माफी मागत बसायचं नाही. तुमच्या भागात तर मुली ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, त्यामुळे ते लेकरू स्वतःबद्दल कसं बोलतं याकडे घरात कुणाचं लक्षही गेलं नसेल. आणि जी मैत्रीण अजिबात तयार नसेल तिला एवढंच सांगा, की त्याच्यासमोर विषय काढू नकोस आणि हसू नकोस. यापेक्षा जास्त आज मागू नका.

सगळ्यांचं मन वळेल अशी अपेक्षा धरू नका. मला भेटलेल्या मैत्र्यांपैकी ज्या टिकल्या त्यांतल्या बऱ्याच मतभेदासकट टिकल्या. पाचव्या प्रश्नावर कधीच पटलं नाही, दुसऱ्यावर पटलं, आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं येणं-जाणं सुरू राहिलं. ज्या तुटल्या त्या बहुतेक मतांमुळे तुटल्या नाहीत. एकीने दुसरीचं खासगी बोलणं स्क्रीनशॉट काढून तिसरीला पाठवलं, म्हणून तुटल्या. तुमच्या गटात तसं झालेलं नसेल, तर सावरायला भरपूर वाव आहे.

फोनचा क्रम सांगते. पहिला मावशीला, आणि त्यात वादाबद्दल अवाक्षर नको. ‘तू कशी आहेस, आणि लेकरू जेवतंय-झोपतंय का’ हे आधी विचारा, मग गटात सांगायला त्याने हो म्हटलं होतं का ते. ते गप्प गप्प असेल, खोलीतून बाहेर येत नसेल, जिवाचं बरंवाईट बोलत असेल तर थांबू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी, मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मुंबईत हमसफर ट्रस्टने या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यांच्याकडे विचारणा करता येईल. कोल्हापुरात समुपदेशक शोधताना पहिल्या फोनवरच विचारा, ‘तुम्ही मुलाला बदलायचा प्रयत्न करता का?’ उत्तर ‘हो’ आलं किंवा गोलमोल आलं तर दुसरा क्रमांक फिरवा. न्यू जर्सीला त्यानंतर, तिच्या रविवारी सकाळी. आणि ‘फॅड’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला फोन नकोच, तिच्याकडे जाऊन या.